चाकांवर पाणी

वाकसईच्या झुंबरबाईला सायकल मिळाली ती नवऱ्याच्या लाजेमुळे.

तिचा नवरा मारुती लोणावळ्याला एका पारशीणबाईंच्या बंगल्यावर माळी होता. सन चौतीस-पस्तीसचा सुमार असेल. बाईंनी बंगला विकला, सामानाची बांधाबांध झाली, आणि पडवीत धूळ खात उभी असलेली आपली सायकल त्यांनी जाता जाता मारुतीला देऊन टाकली. मारुती हरखला. पण उजेडात आणून बघतो तर सायकलला मधली दांडी नाही. साडी नेसून बसता यावं म्हणून मुद्दाम घेतलेली, बायकांची सायकल. आता मिशीवाल्या गड्याने असल्या सायकलवर बसून गावात शिरायचं म्हणजे गावाला वर्षभराची करमणूक. तेव्हा त्याने ती लोणावळ्यापासून घरापर्यंत हातात धरून ढकलत आणली, आणि वाटेत ज्याने विचारलं त्याला सांगितलं, "पंचर हाय."

सायकल गोठ्यात म्हशीशेजारी उभी राहिली. म्हशीला तिची सवय झाली, मारुतीला झाली नाही. झुंबरबाई मात्र शेण काढता काढता तिच्याकडे बघायची. एकदा तिने घंटीवर बोट दाबलं. म्हैस बुजली आणि झुंबरबाई हसत सुटली. त्या हसण्यातच काय ते ठरलं असावं, असं मला वाटतं.

ती आमच्या गावची सुईण. उंच, सावळी, चाळिशीला टेकलेली, शब्दाला रोखठोक. सासूच्या हाताखाली शिकलेली. माझी नाळ तिनेच कापली, आणि पुढे मी तिच्याशी वाद घातला की ती मला ते हटकून ऐकवायची. सायकल ती शिकली त्याच रिकाम्या बंगल्याच्या उतारावर. नवा मालक अजून राहायला आला नव्हता. मारुती मागून सीट धरून धावायचा आणि आपल्याला कुणी बघत नाही ना म्हणून चारी बाजूंना बघायचा. तेवढ्यात ती जास्वंदीत जाऊन पडलेली असायची. नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, त्यामुळे लुगड्याची अडचण नव्हती. अडचण होती ती वळणाची. वळायचं कसं हे तिला कळेना, म्हणून सुरुवातीला ती सरळच जायची आणि वळण आलं की उतरायची. पण थंडी संपेपर्यंत तिला वळता येऊ लागलं, आणि मग ती घरी फारशी सापडेना.

मावळात रस्ता म्हणजे तेव्हा एकच, मुंबई-पुण्याचा. बाकी सगळ्या गाडीवाटा. वाकसईहून कार्ल्याकडे निघालं की दुतर्फा मोठाली झाडं, डाव्या अंगाला लेण्यांचा डोंगर, उजवीकडे लोहगड-विसापूर, आणि मध्ये भातखाचरं. सकाळच्या धुक्यात गड दिसायचे नाहीत, नुसते त्यांचे माथे वर तरंगत असायचे. कामशेतला डावीकडे वळून इंद्रायणी ओलांडली की नाणे मावळ. तिथल्या वाटेवर कार्तिकात आंबेमोहोर भाताचा वास असा दाटायचा, की पायडल मारणं सोडून सायकल आपली आपण जाईल तशी जाऊ द्यावी. कामशेतहून उजवीकडे वळलं की छोटीशी खिंड, आणि खिंडीपलीकडे पवन मावळ. तिकोना समोर, तुंग त्याच्या मागे निळा, आणि भाद्रपद-आश्विनात उतारच्या उतार सोनकीने पिवळे झालेले. खिंडीतून खाली येताना पाय हलवावाच लागत नसे.

"तुला वाटतं मी फिरते," ती मला एकदा म्हणाली. "मी कुटं फिरते? मी आपली बसलेली आसते, आन गावं माज्याकडं येत्यात. आदी झाडं येत्यात, मग देवळाचा कळस, मग कुनाचं तरी कुत्रं. म्होरं आली की मागं जात्यात. लय ब्येस वाटतं बग."

हे सांगताना तिचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. मी तिच्यामागे बसून एकदाच गेले, कार्ल्यापर्यंत. तिने सांगितलं तसंच झालं. झाडं आली, कळस आला, कुत्रं आलं. अजून डोळे मिटले की येतं.

पण तिचं काम होतं सुईणीचं आणि त्याची एक रीत होती. सुईण बोलावल्याशिवाय जात नाही. न बोलावता अडलेलीच्या दारात गेली तर त्या बाईचं वाईट होतं असं सगळे मानायचे, आणि सगळ्यांत जास्त ती स्वतः मानायची. बोलवायला आलेला माणूस पुढे चालणार, सुईण त्याच्या मागे. दारात पोचली की घरातली थोर बाई तिच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतणार, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब टाकणार, आणि मगच सुईण उंबरा ओलांडणार. वाटेत पायाला काय काय लागलं असेल, ते दाराबाहेर राहावं म्हणून.

सायकलने या रीतीची पंचाईत केली. बोलावणारा चालत आलेला आणि झुंबरबाई चाकांवर. ती त्याला कधीच मागे टाकायची. मग गावाच्या शिवेवर उतरायची, शेंदूर लावलेल्या दगडाशी सायकल टेकायची आणि तो धापा टाकत येईपर्यंत बसून राहायची. तो पुढे झाला की हातात सायकल धरून त्याच्या मागे चालत गावात शिरायची. तिला यात काही वावगं वाटत नसे. मला तेव्हाही वाटायचं आणि अजूनही वाटतं, पण माझं ऐकतं कोण.

लोहगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत मात्र तिला थांबता आलं नाही. बोलवायला आलेल्या पोराच्या बोलण्यावरूनच तिने ओळखलं की वेळ फार थोडा आहे. ती तशीच पुढे गेली. घरातली म्हातारी सावित्राबाई, अडलेल्या पोरीची आजी, दारात तांब्या घेऊन उभी होती. तिने आयुष्यात सायकल पाहिली नव्हती. तिने झुंबरबाईच्या पायांकडे बघितलं, मग चाकांकडे बघितलं, आणि विचारात पडली.

"पाय कुटं जमिनीला लागल्यात हिचं," ती म्हणाली. "चाललीत ती ही चाकं."

आणि तिने तांब्यातलं पाणी आधी पुढच्या चाकावर ओतलं, मग मागच्या, आणि उरलेलं झुंबरबाईच्या पायांवर. भाकरीचा तुकडाही घंटीवरून ओवाळला. पोरगी सुखरूप सुटली. मग काय, ही गोष्ट डोंगरातल्या वाड्यांतून खाली उतरली आणि सगळीकडे तशीच रीत पडली. झुंबरबाई आली की आधी चाकांवर पाणी. नाणे मावळात तर एका घरी सायकलला हळदकुंकूही लावलं होतं.

ही गोष्ट फिरत फिरत पवना नदीकाठी कडध्यालाही पोचली आणि तिथे घोटाळा झाला.

कडध्याला झुंबरबाईची एकुलती एक लेक रतन दिली होती. घर मोठं, जमीनजुमला, दाराशी बैलजोड्या. जावई सोपान गरीब गाय. घर चालायचं ते त्याच्या आईच्या, सरुबाईच्या शब्दावर. सरुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एका सोयऱ्याबरोबर वाकसईला निरोप धाडला. निरोप तोंडी होता आणि मारुतीला तो जन्मभर जसाच्या तसा पाठ होता: "आमच्या इनबाई चाकावर बसून गावोगाव हिंडत्यात, लोक त्या चाकाला पानी घालत्यात. आमाला सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दावाया जागा न्हाई. जवर ते चाक तुमच्या घरात हाय, तवर आमची सून तुमचा उंबरा चढायची न्हाई. आन तुमी आमचा चढू नगा."

तेव्हा रतनला दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर सगळ्यांचीच रीत. मावळातल्या निम्म्या पोरींना सोडवणाऱ्या बाईची लेक, आणि तिच्या बाळंतपणाला आईचा हात नाही.

मारुती म्हणाला, "दे टाकून नदीत. पोरीपरीस लोखंड जास्त झालं का तुला?"

ती उठली. गोठ्यात जाऊन सायकलीपाशी उभी राहिली. पुढे मी तिला विचारलं, की त्या दूरदूरच्या वाड्यांतल्या बायांसाठी तू सायकल ठेवलीस ना? मला वाटलं ती हो म्हणेल. तसं उत्तर छान दिसलं असतं.

"त्यांच्यासाठी व्हतीच," ती म्हणाली. "पर खरं सांगू? मला ती आवडायची. जलमात पैल्यांदा माजं म्हनून काय तरी व्हतं. आन त्याच्यापायी लेक दुरावली, तर मी रोज रडायची. पर सोडवेना."

तिला हे बोलायला किती जड गेलं ते मी पाहिलंय. मी तिचा हात धरला. आणखी काय करणार.

सायकल तिने सोडली नाही, पण उंबराही चढली नाही. कामशेतच्या आठवडी बाजाराला ती जायचीच. आता बाजार उरकला की ती उजवीकडे वळून खिंड चढायला लागली. तिथून उतारावर सायकल सोडून द्यायची, बेडशाचा डोंगर मागे टाकायचा आणि कडध्याच्या शिवेवर यायचं. तिथे एक जुनं करंजाचं झाड होतं, खाली शिवेचा दगड, आणि त्याच्या खाली नदीचा पाणवठा, झाडीत झाकलेला. पलीकडे भातखाचरांना वळसा घालून वाट सरुबाईच्या घराकडे जायची. आवाजाला जवळ, पायाला लांब असं ते घर.

पहिल्या दिवशी ती करंजाखाली नुसतीच उभी राहिली. मग तिने घंटी वाजवली, एकदा. नदीवर कुणीतरी धुणं धोपटत होतं, ते थांबलं. थोडा वेळ नुसतं पाणी वाहिलं. आणि मग झाडीतून धोपाटण्याचे तीन ठोके आले, सावकाश, एकामागून एक. कपडे धुताना कुणी असं धोपटत नाही.

झुंबरबाई खाली उतरली नाही आणि रतन वर आली नाही. सासूचा शब्द रतनने मोडला नाही, आणि शिवेची रीत झुंबरबाईने. पण त्यानंतर दर बाजाराला घंटी वाजली आणि तीन ठोके आले. पावसाळा सरला, सोनकी फुलली आणि वाळली, खळी झाली, रिकाम्या खाचरांत बगळे उतरले. झुंबरबाई घरी आली की मारुती हातातलं काम न थांबवता विचारायचा, "वाजलं का?" ती म्हणायची, "वाजलं." एवढंच. पण बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सायकलच्या साखळीला करंजाचं तेल घातलेलं असायचं, आणि ते ती घालत नव्हती.

ठोक्यांवरून तिला लेकीची तब्येत कळायची म्हणे. मार्गशीर्षात ते जड झाले. पौषात दोन ठोक्यांच्या मध्ये दम घ्यायला वेळ लागायला लागला. "भरत आलीय," ती घरी येऊन सांगायची, आणि मारुती मान खाली घालून ऐकायचा.

मग पौषातलाच एक बाजार. त्या दिवशी ती बाजारात थांबलीच नाही. धुकं असं की खिंडीतून खाली काही दिसत नव्हतं, चाकाखालची वाट तेवढी होती. ती करंजाखाली आली. घंटी वाजवली. ठोके आले नाहीत. पुन्हा वाजवली. धुक्यातून एक अनोळखी बाई घागर घेऊन वर आली आणि तिला बघून थांबली.

"रतनची आई न्हवं का तुमी?" ती म्हणाली. "काल दुपारधरनं अडलीय वो ती. गावची सुईन हाय, पर तिनं बी हात टेकलं."

घागर घेऊन ती बाई निघून गेली.

आता इथे मला राग येतो. दरवेळी येतो. घर समोर होतं, लेक आत होती, आणि ही बाई शिवेच्या दगडाशी उभी. मी तिला फाडकन विचारलं होतं, तू गेली का नाहीस? मोडायची रीत. सरुबाईने काय खाल्लं असतं तुला?

"सरुबाईला कोन भितंय," ती म्हणाली. "अगं, न बोलावता गेले आन माज्या पायानं तिचं काय झालं असतं तर? पाऊल टाकलं व्हतं मी शिवेच्या आत. परत घेतलं. धा येळा टाकलं, धा येळा घेतलं."

मग तिने हातात होतं तेवढं केलं. घंटी वाजवायला लागली. थांबून थांबून नाही, सारखी. धुक्यात बाकी कसलाच आवाज नव्हता, पाखरू नाही की बैलाची घुंगरं नाहीत. ती घंटी खाचरांवरून सरळ त्या घरात गेली.

आत काय झालं ते पुढे सरुबाईनेच सांगितलं. कालपासूनच्या कळांनी रतन गळून गेली होती, डोळे मिटत होती. घंटी ऐकली आणि तिने डोळे उघडले. जमिनीवर पडलेला तिचा हात उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा उचलला, पण खाली टेकेपर्यंत त्यातलं बळ गेलं. तिसऱ्यांदा तो उचललाच नाही.

सरुबाई उठली. ती काही बोलवायला जाणारी बाई नव्हती. तिच्या घरून बोलावणं जायचं ते गड्याबरोबर. ती स्वतः निघाली, डोईवरचा पदर सावरत, अनवाणी, भिजलेल्या बांधावरून.

धुक्यातून ती करंजाखाली आली. दोघी विहिणी लग्नानंतर पहिल्यांदाच समोरासमोर उभ्या होत्या. झुंबरबाईचं बोट घंटीवरच होतं.

"इनबाई," सरुबाई म्हणाली, "चला. बोलवाया आलेय."

आणि ती वळून पुढे चालायला लागली. झुंबरबाई रीतीप्रमाणे मागे, हातात सायकल. सरुबाई अंगाने भारी, सवय नाही, बांधावर तिचा पाय सरकत होता. थोडं चालून ती थांबली आणि तिने छातीवर हात ठेवला. झुंबरबाईही थांबली. बोलावणारी पुढे असताना सुईण पुढे जात नाही.

सरुबाईने मागे बघितलं. सायकलकडे बघितलं.

"माज्यामागनं चालत आलीसा तर पोचायचं कवा," ती म्हणाली. "बसा त्या चाकावर. जावा म्होरं."

"तुमी मागं ऱ्हाल."

"ऱ्हाऊ द्या. मी सांगतेय न्हवं? जावा, बाई. माजी पोर हाय ती."

झुंबरबाई म्हणाली की बाकीचं तिला आठवत नाही. झाडं आली नाहीत, कळस आला नाही, पांढऱ्यातून एकदम दार आलं. दारात तांब्या घेऊन कुणी नव्हतं. ज्या बाईने पाणी ओतायचं ती मागे धुक्यात होती. झुंबरबाईने सायकल भिंतीला टेकली, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा कोरड्या पायांनी उंबरा ओलांडून आत गेली.

सरुबाई पोचली तेव्हा दार आतून लावलेलं होतं. सोपान ओसरीच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. आतून झुंबरबाईचा दबका, ठाम आवाज येत होता आणि मध्येच रतनचं कण्हणं. सरुबाईला करायला काही उरलं नव्हतं. तिने रांजणातून तांब्या भरला आणि सायकलपाशी गेली. पुढच्या चाकावर पाणी ओतलं. चिखल होता, तो हाताने काढला. मागच्या चाकावर ओतलं. पुन्हा तांब्या भरून आणला, पुन्हा ओतला. सोपान आईकडे बघत राहिला.

"पोरा, बगतोस काय," ती त्याला म्हणाली. "दर बाजाराला मी तिला नदीवर का धाडत व्हते? धुनं न्हवतं घरात तवाबी धाडली. ही घंटी मला बी ऐकू यायची."

तेवढ्यात आत मूल रडलं. चांगलं खणखणीत रडलं. सोपान उठून उभा राहिला. पण मुलाच्या रडण्यात आईचा आवाज नव्हता. झुंबरबाईचाही नव्हता. सरुबाई दाराकडे बघत राहिली. रतन म्हणून हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ऐकायला कुणी नसलं तर, ही भीती.

मग तिने सायकलच्या घंटीवर बोट ठेवलं आणि वाजवली, एकदा.

आत मूल रडत होतं. पाणी चाकांवरून ठिबकत होतं. बराच वेळ गेला.

आणि मग दारामागून, जमिनीवर हाताने मारलेले ठोके आले. एक. दम घेऊन दुसरा. आणि तिसरा.